तारेचा ससा

सोरखा तारा गोळा करते.
कुठं कुंपण मोडलं की फाख्तना दारात ट्रॅक्टर थांबवतो,
गंजक्या काटेरी तारेचं भेंडोळं खाली टाकतो,
"घे तुझी लोकर," म्हणतो, निघून जातो.

बरेनच्या पठारावर माती मूठभर, बाकी चुनखडी.
फटीफटींतून नेचे, आणि वसंतात
एक इवलं निळं फूल, ज्याला तिची आई
आभाळाचं ठिगळ म्हणायची.
इथले ससे बीळ करत नाहीत.
गवतात देहाएवढा खळगा, बस्स, तेवढंच घर.
ससा उठून गेला की सोरखा
खळग्यात तळहात ठेवून बघते
किती ऊब उरलीय.
माप ती तिथून घेते.

आधी कणा. मग मागचे पाय,
उडी अजून आतच असलेले.
कान सगळ्यांत अवघड:
तारेला ऐकायला शिकवायचं
म्हणजे दहादा वाकवायची, नऊदा सोडून द्यायची.
काटे ती काढत नाही.
एका काट्यावर एकदा लव सापडली होती, तपकिरी.

गावात जुनी गोष्ट आहे.
मे महिन्याच्या पहिल्या पहाटे
गाईच्या आचळाला ससा लागलेला.
कुणी गोळी झाडली, मांडीत बसली.
रक्ताच्या मागावर माणसं एका झोपडीत शिरली
तर चुलीपाशी म्हातारी,
झगा गुडघ्यावर घेऊन मांडीला पाला बांधत.
गोष्ट इथं संपते. सगळे हसतात.
पुढं तिचं काय केलं
ते कुणी सांगत नाही.

सोरखाच्या प्रत्येक सशाचा
डावा मागचा पाय जरा आखूड.
गॅलरीवाल्या बाईंनी विचारलं, चुकलं का हो?
ती म्हणाली, तार संपली.

फाख्तनाला ठाऊक आहे.
बंदूक त्याच्याच पणजोबांची,
अजून माळ्यावर आहे, कापडात गुंडाळलेली.
तो बोलत नाही काही.
पण यंदा मेच्या पहिल्या पहाटे
अंगणातल्या नव्या सशापुढं, दगडाच्या खोलगटीत
दूध होतं, वाफ निघत असलेलं,
आणि दवात बुटांचे ठसे,
फाटकापासून इथवर, आणि परत.

सोरखानं दुधाला हात लावला नाही.
दुपारी मांजर पिऊन गेलं.