चकणा

हजेरीत मी मयूरेश तांडेल,
मधल्या सुट्टीत चकणा.
दिवाळे गावात तर पोष्टमनही म्हणायचा, चकण्याचं घर,
कारण माझ्याआधी हासूकाका होता,
त्याच्याआधी त्याची आत्या.

चौदाव्या वर्षी नेरूळला ऑपरेशन.
पट्टीमागच्या काळोखात शेजारच्या खाटेवरून
एक निवृत्त मास्तर बोलत राहायचे,
काचबिंदू, दोन्ही डोळे, पण जीभ शाबूत.
म्हणाले, रोममध्ये तिरळ्याला स्ट्राबो म्हणत.
नुसतं म्हणत नसत,
तेच नाव लावत, दगडावर कोरत, मुलाबाळांना देत.

एक स्ट्राबो सेनापती.
त्याचा स्वयंपाकीही तिरळा, मेनोजेनीस.
लोक धन्याला स्वयंपाक्याच्या नावानं हाक मारायचे.
(तो ओ देत असेल का?)
मेला तेव्हा चिडलेल्या गर्दीनं
तिरडीवरून खाली ओढला त्याला.

एक भूगोल लिहीत बसला:
हिंदुस्थानाकडे एकशेवीस गलबतं जातात.

आणि एक म्हणे सिसिलीच्या टोकावर उभा राहून
पार समुद्रापलीकडच्या कार्थेजहून
सुटणारी गलबतं मोजायचा.
नाव तिरळा, नजर घारीची.
खरं-खोटं कोण जाणे, मास्तर म्हणाले,
आणि पाणी मागितलं.

मी हसलो नाही. टाका ओढला असता.
हासूकाका आठवला,
जेट्टीवर फाटकं जाळं मांडीवर,
एक डोळा सुईत, दुसरा खाडीच्या तोंडाशी,
आणि कुणाला ठिपकाही दिसायच्या आत:
“आयली. काथोडची.
बर्फ संपलाय, म्हनून घाई.”
बाया टोपल्या घेऊन उठायच्या.
कुठल्या डोळ्यानं पाहिलंस,
हे कधी कुणी विचारलं नाही.

पट्टी सुटली.
माझे दोन्ही डोळे आता एकाच जागी.
काकानं हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला,
बराच वेळ पाहिलं.
“बेस झाला,” म्हणाला.
मग जाळ्यात मान घालून, स्वतःशीच,
“आता दुसरीकडं कोन बगल?”

काका गेला, त्याला बारा वर्षं झाली.
तिरडी नीट नेली आम्ही, कुणी बोट लावलं नाही,
उलट अख्खी जेट्टी मागून आली.
एखाद्या संध्याकाळी मी तिथे उभा राहतो, होड्या मोजतो.
सात येतात.
शेजारचं शेंबडं पोर म्हणतं, आठ.
आठवी येतेच.

आता बेलापुरात बँकेत आहे. टेबलावर पूर्ण नावाची पाटी.
कुणी चकणा म्हणत नाही,
म्हणायचं कारणच उरलेलं नाही.
फक्त महिन्याच्या एक तारखेला
सहकाऱ्यांबरोबर सेक्टर पंधराच्या बारमध्ये बसलो
की मागून वेटर येतो, पाठीशी वाकतो, विचारतो,
“चखणा?”

आणि माझ्या तोंडून,
अजून,
ओ निघतो.