सदुसष्ट

कोनापुरे मॅडमचा तास मी रात्री ऐकते,
विडी घरकुलातल्या आमच्या दीड खोलीत,
मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून.
दिवसा कारखान्यावर माल द्यायची रांग असते,
अम्माचे गुडघे रांगेत टिकत नाहीत,
म्हणून आठवड्यातले चार दिवस
केगावच्या बसला मी नसते.

श्रीशैल म्हणतो, हजेरी पुढे ढकलत जा,
पहिली सहा मिनिटं फुकट.
मी ढकलत नाही.
चौसष्ट. यस मॅडम.
पासष्ट. यस मॅडम. हा श्रीशैलच, सर्दी झालेला.
सहासष्ट. प्रेझेंट.
सदुसष्ट.
सदुसष्ट?
पंख्याचा आवाज.
मी इथून म्हणते, हजर.
अडुसष्ट.

बोटांना तंबाखू, काचेला हात लावायची सोय नाही.
नाकाच्या शेंड्यानं थांबवते,
नाकाच्या शेंड्यानं दहा सेकंद मागं.
कधी जरा जास्तच मागं जातं,
आणि मॅडम पुसलेला फळा पुन्हा पुसायला घेतात.

प्रकरण चौथं, नमुना निवड.
सगळं पोतं उपसायचं नसतं,
मूठभर घ्यायचं
आणि मुठीवरून पोत्याबद्दल बोलायचं.
अम्मा सुपातून मान वर करते.
तिचं मराठी कामापुरतं,
पण पोतं कळतं, मूठ कळते.
चेकर ढिगातला एक कट्टा उचलतो,
दोन विड्या चेपून बघतो
आणि दोनशे छाट.
"वरचाच उचलतो मेला, नेहमी वरचाच.
तुझ्या बाईंना विचार, चालतं का हे?"

समजलं का, मॅडम विचारतात
आणि थांबतात. चार सेकंद.
दीडपट वेगात त्याचे तीनसुद्धा उरत नाहीत,
म्हणून तेवढ्यापुरता वेग कमी करते.
त्या थांबण्यात अम्मा दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणते,
अर्थमयिंदि.

गेल्या गुरुवारी माल शेजारच्या राजव्वाकडे दिला
आणि तासाला गेले.
मॅडम बुटक्या निघाल्या.
आणि किती सावकाश बोलतात!
मधेच मला शिंक आली, एक वाक्य गेलं,
ते गेलंच.
सदुसष्ट म्हटल्यावर तोंडातून नुसती हवा,
शेजारणीनं कोपर मारलं तेव्हा हात वर केला.
पण तास संपता संपता उभी राहिले,
घसा कोरडा, पाय कुणाचे तरी वेगळेच,
आणि अम्माचा प्रश्न विचारला.
मॅडमनी खडू खाली ठेवला.

रात्री तोच तास लावला. एकेचाळिसावं मिनिट.
माइक मॅडमच्या पदराला,
तिसऱ्या बाकापर्यंत त्याचा कान पोचत नाही.
पंखा. पंखा. कुणाची तरी बाटली पडते.
पंखा.
मग मॅडम: "छान विचारलंत.
त्या माणसाला सांगा, ढीग आधी कालवायचा.
वरवरचं उचलणं ही निवड नव्हे, ती आळशी सवय."

अम्मा म्हणाली, यात तू कुठंय?
मी नाकानं मागं नेलं,
दहा सेकंद, आणखी दहा,
आणि पंखा सुरू झाला तशी
न राहवून काचेवर बोटच ठेवलं.
ही बघ. बाटली पडायच्या आधी एक, नंतर एक.

काचेवर तपकिरी ठसा.
अम्मानं कात्री खाली ठेवली, कान जवळ आणला.
पुन्हा लाव, म्हणाली.