डब्याच्या बुडावरचा आकडा

मेसेज दुपारी आला मोईदूट्टीच्या फोनवर,
आधी अरबीत, मग इंग्रजीत:
सहा महिन्यांखालच्या मुलांची पावडर, अमुक बॅच,
विकू नका, विकली असेल तर परत मागवा.
मोईदूट्टीने दात कोरत फोन माझ्याकडे सरकवला.
तू बघ. तुला आकडे कळतात.

रुवीच्या मागल्या गल्लीत आमचा बकाला.
मी स्टुलावर चढलो.
खोक्यात बारा असतात. नऊ होते.
एकेक डबा पालथा करून वाचला,
तान्ह्याला तेल लावायला पालथं घालतात तसा.
काळ्या ठिपक्यांचे आकडे, शेवटी बी.
नऊच्या नऊ.

पहिला उधारीच्या वहीत सापडला.
इमारत चौदा, सुदानी इल्हाम. जुळी आहेत तिला.
लिफ्ट बंद.
दार उघडलं तेव्हा एक खांद्यावर होतं
आणि एक आत कुठेतरी रडत होतं.
डबा अर्धा संपलेला.
माझं बोलणं संपेपर्यंत ती
डब्याकडे नाही, खांद्यावरच्या मुलाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, पैसे नकोत. दुसरा दे. आत्ता.
दुसऱ्या कंपनीचा रियालभर महाग होता.
वरचा रियाल मी घातला,
मोईदूट्टीला सांगितलं नाही.

दुसरा शफीउल शिंप्याकडे. सील शाबूत.
बायको पुढच्या महिन्यात मोकळी होणार
आणि ह्याने मशीनशेजारच्या फळीवर
डबा आधीच मांडून ठेवलेला,
पाहुणा यायच्या आधी पाट मांडावा तसा.
परत देताना त्याने फळी पुसली.

तिसरा वहीत नव्हता.
संध्याकाळभर मी गिऱ्हाइकांचे चेहरे आठवत राहिलो,
कुणाच्या पिशवीत डायपर होते, कुणाच्या नव्हते.
रात्री खोलीवर पातेलं घासताना हात थांबला.

तिसरा मी घेतला होता.

गुरुवारी. इसाक परकार सुट्टीवर निघालेला,
त्याच्या बॅगेत किलोभर जागा होती.
झैबूनला दूध उतरत नव्हतं
आणि मी फोनवर ऐटीत म्हणालो होतो,
तिकडचं नको घेऊस, इथलं पाठवतो.
इथे सगळं तपासून येतं.

पण त्या आठवड्यात दोन खोकी फोडलेली.
एकावर बी. एकावर आठ. आठवालं चांगलं.
मी कुठल्यातून उचलला?

अंजनवेलात दीड वाजला होता.
झैबून, डबा घे. पालथा कर. बुडाला काय लिहिलंय?
थांबा, बॅटरी लावते.
चार. सात. शून्य. तीन.
मग आठ आहे. का बी आहे.
नीट बघ.
नीटच बघतेय. ओल्या ओट्यावर ठेवते ना, पुसलंय.

तिने फोटो पाठवला.
चकाकणारा पत्रा, तिचा अंगठा,
अंगठ्याच्या नखात पावडर.
आकड्याची डावी बाजू सरळ आहे की गोल
ते बघायला मी बोटांनी ताणत गेलो
तसतसा तो फुटत गेला.

शेवटची बाटली कधी दिलीस?
दहाला. सगळी प्यायला. आज पहिल्यांदा सगळी प्यायला.
आणि आता?
झोपलाय.
हात लावून बघ.
लावलाय. केव्हाचा लावलाय.

टाकून दे तो डबा.
ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, समोरच्या रशिदालाही दिलीये काल,
वाटीभर. तिच्या नातीला.
जा. उठव तिला.

फोन चालूच ठेवून ती निघाली.
कडी. चपला. अंगणातली वाळू, की पाचोळा.
इथे एसीचं पाणी बालदीत ठिबकत होतं,
वरच्या बंकवर कुणीतरी कूस बदलली.
तिकडे दार वाजलं. परत वाजलं.
आतून म्हाताऱ्या आवाजात कुणी विचारलं, कोण आहे?

आणि झैबून बोलायच्या आधी
इथून, रुवीतून, मीच म्हणालो:
मी.