तिसऱ्या गेटचा पूल

शुगर दोनशे चाळीस निघाली,
तेव्हा भावाची सायकल माळ्यावरून काढली.
चेनीला तेल घातलं,
डबा हँडलला अडकवला.

वडगावात माग खडखडत असतात,
त्यांच्याच ठेक्यावर पहिलं पायडल.
अनगोळच्या वळणावर बसाप्पा हसतो,
"एन्री मिस्त्री, पेट्रोल संपलं काय?"
मी नुसती घंटी वाजवतो.
बोलायला दम कुठला?

पुलाच्या चढाला पहिला महिना
उतरून ढकलत नेली.
पुढं पुढं अर्ध्यापर्यंत.
काल खालून मालगाडी जात होती
आणि मी वर होतो,
सीटवरच.

फौंड्रीत पोचल्यावर
पट्ट्याला नवं भोक पाडलं, खिळ्यानं.
शुगर अजून तपासली नाही.
बसाप्पा मात्र आज हळूच म्हणाला,
"जुनी सायकल कितीला मिळतीय हो?"