उणे चाळीस

दवबिंदू म्हटलं की
गवताच्या टोकावरचा थेंब आठवतो आपल्याला.
केमियार्वीच्या लाकूडगिरणीत
तो एक आकडा आहे, लाल,
कॉम्प्रेसरखोलीच्या भिंतीवर.
असायला हवा उणे चाळीस.
आज पहाटे सव्वातीनला
उणे चार.

बाहेर उणे एकतीस.
आवार ओलांडून जाणाऱ्या नळीत
हवेनं जवळचं पाणी टाकलं
आणि ते पडल्या जागी गोठलं.
ओंडके धरणारा चिमटा अर्धा उघडा,
काही सांगता सांगता थांबल्यासारखा.

तुइरे गुडघ्यांवर बसून टाकीखालचा नळ सोडते.
आधी खोकला, मग गंजकट पाणी,
मग नुसती शिटी.
"आठ घरची हवा एका घरात कोंबलीस,"
ओइवा म्हणायचा,
"घाम तर सुटणारच."
ओइवा मे महिन्यात निवृत्त झाला.
हल्ली तो सौनात असतो,
तापल्या दगडांवर पाणी ओततो,
फोन उचलत नाही.

शेजारी शेजारी दोन मनोरे,
पोटात पांढरे मणी.
एक हवेतला ओलावा पितो,
दुसरा तोवर प्यायलेला ओकतो,
पाच मिनिटांनी पाळी बदलते.
तुइरे कान लावते.
उजव्याचा सुस्कारा बरा आहे.
डावा सुस्कारतच नाही,
आतल्या आत कुढतो.

दाब उतरवून ती सायलेन्सर खोलते.
मण्यांचा भुगा, पिठासारखा,
थापून थापून दगड झालेला.
कोणी बघितलाच नव्हता, सहा महिने.
तिनंही नाही.

सायलेन्सरशिवाय यंत्र सुरू करते
आणि डावा मनोरा असा श्वास सोडतो
की भिंतीवरचं जुनं कॅलेंडर खिळ्यासकट खाली येतं.

आकडा मात्र हलत नाही.
उणे चार. उणे चार.
उणे सहा.
वेइयो नळीवर गरम हवा मारतोय,
शिव्या घालतोय, त्याही गोठतायत मिशीत.
तुइरे थर्मास उघडते,
कॉफीची वाफ चष्म्यावर बसते,
ती पुसत नाही.

साडेसहाला फोन.
"सायलेन्सर बघितलास?"
"बघितला."
पलीकडे दगडांवर पाणी पडल्याचा आवाज.
"किती झाला?"
"एकवीस."
"उणे म्हण," ओइवा म्हणतो,
"नाहीतर जीव जातो माझा."