व कमी पडला तेव्हा

शहाद्यात पिठाच्या गिरणीमागे छापखाना होता.
गिरणी सुरू झाली की केसमधले खिळे थरथरायचे,
ओंकार उखा देवरे म्हणायचे,
थांब जरा, अक्षरांना हिव भरलंय.
मी त्यांचा जुळारी.
आरशातली मराठी मला सुलटीपेक्षा भराभर वाचता यायची.

मंगळवारी सायकल एसटीच्या टपावर टाकून ते धडगावला जायचे,
शुक्रवारी परत. पायजम्याला कुसळं,
वहीच्या पानांना भाकरीचा पापुद्रा चिकटलेला.
आधी चहा मागायचे, मग बातमी.

त्या शुक्रवारी चहा मागितला नाही.
टेबलावर हजेरीपटाची नक्कल पसरली:
पाझर तलाव, एकेचाळीस मजूर, एकेचाळीस अंगठे.
भिंग माझ्या हातात दिलं.
प्रत्येक ठशावर तीच आडवी चीर,
कधीकाळी विळा लागल्यासारखी.
एकच अंगठा एकेचाळीस घरांची मजुरी घेऊन गेला होता.

मग वही उघडली.
नुरजी रेहमल पावरा.
गिना दुरजी पावरा.
तारकी नुरजी पावरा, हिने लेकरू झोळीत टांगून माती वाहिली.
सगळी नावं घ्यायची, म्हणाले. 'इत्यादी' नको.

पा, व, रा. पा, व, रा.
छत्तीस नावांनंतर व-चा खण रिकामा.
मी जाहिराती उसवल्या,
लाकडाच्या वखारीची खार झाली,
अग्रलेखातले तीन काढले,
तो तसाही लांबला होता.
चाळीस जुळले. शेवटचा बिजा सेल्या
पा आणि रा यांच्यामध्ये भोक घेऊन उभा.

"मना नावमाईन काढ."
"भाऊ, मंग काय राही?"
"वाच ना."
मी गॅलीवरून बोट फिरवलं:
संपादक, ओंकार उखा दे रे.
ते इतके हसले की खोकला लागला.
"हाई बी खरंच शे.
जल्मभर तेच तं म्हणी ऱ्हायनू."

अंक निघाला. वखारवाला रागावला, जाहिराती आटल्या.
महिन्याने बेलीफ आला, अब्रूनुकसानीचा कागद,
वर नाव अंकातलंच: दे रे.
वकील म्हणाले, असा इसमच नाही, परत पाठवा.
हे उठले, चष्मा पुसला,
"मीच तो," म्हणाले,
आणि व गाळून सही केली.

सहा वर्षं तारखा.
मजुरी मिळाली ती तिघांना, की चौघांना,
मला आठवत नाही. त्यांना आठवायचं.
बाजाराच्या दिवशी बिजा यायचा, केळीच्या पानात मोहाची फुलं,
दारातूनच हाक: ओ देरे मास्तर!

छापखाना पुढे शिशाच्या भावाने गेला.

काल जळगावच्या पेपरात, आतल्या पानावर, चौकोन होता.
ज्येष्ठ पत्रकार ओंकार उखा देवरे यांचे निधन.
संगणकाचं अक्षर, कितीही व मिळतात.
फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नातला.
मी सवयीने पेन्सिल घेतली,
आडनावातल्या व-वर रेघ ओढली
आणि समासात खूण केली:
काढा.