मागचं हसू

दिवाळीच्या सुट्टीत, अशोक चौकाच्या आतल्या बोळात,
बंद कारखान्यात चाळीस खुर्च्या.
तिकिटासोबत पुडीभर शेंगाचटणी.
माईक उसना, लग्नाच्या बँडवाल्याचा.

श्रीलता गाजुल सांगत होती :
"आमच्यात कुणी कुजबुजत नाही बे,
गुपित सांगायचं तर गल्ली गोळा होते."
खुर्च्या करकरल्या. कुणाचा तरी चहा सांडला.

कोपऱ्यात नरसूमामा.
तीस वर्षं माग चालवून
कान तिथंच ठेवून आलेले.
आधी आमचे चेहरे बघायचे,
मग हसायचे
सगळे थांबल्यावर, एकटेच, दणक्यात.

तिसऱ्या वेळी तिनं ओळखलं.
पुढचा विनोद तोंडात धरून
थांबली,
धोटा पलीकडून
परत येईपर्यंत.